सुजलेला, गरम, पण फारसा न दुखणारा पाय: शार्को फूट घरी कसा सांभाळायचा

मधुमेहाला दहा-पंधरा वर्षं झाली असतील, पायांना बधिरपणा असेल आणि एक पाय अचानक सुजून लाल नि गरम झाला असेल, तर हा लेख वाचण्याआधी चालणं थांबवा. खुर्चीवर बसा, पाय स्टुलावर ठेवा आणि डॉक्टरकडे न्यायला कुणाला तरी गाडी काढायला सांगा. बसस्टॉपपर्यंत चालत जाऊ नका, पायलटच्या (मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागेही बसू नका. बाकीचं दवाखान्याच्या बाकावर बसून वाचलं तरी चालेल.

या आजाराला डॉक्टर शार्को फूट म्हणतात. 1868 मध्ये शार्को या फ्रेंच डॉक्टरने मज्जासंस्थेच्या आजारात सांधे असे मोडत जातात हे नोंदवलं. मधुमेहाशी त्याचा संबंध जोडला गेला 1936 मध्ये. आपल्याकडे हे नाव घरोघरी माहीत असायला हवं, कारण आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात निघालं, 26.4 टक्के. म्हणजे प्रौढांमध्ये चारांत एक. तरीही फोंड्यात आमच्या ओळखीपाळखीत हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. आमच्या ह्यांच्या उजव्या पायाला ते झालं आणि मग मला ते शिकावंच लागलं.

आत काय चाललेलं असतं

जुन्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. पाय किंचित मुरगळतो, पायरी चुकते, हाडाला बारीकसा तडा जातो. दुसरा कुणी असता तर लंगडला असता, बसला असता. बधिर पायाचा माणूस चालत राहतो. तिथे सूज येते, रक्त जास्त धावतं, हाड झिजवणाऱ्या पेशी जोरात कामाला लागतात आणि हाड मऊ पडतं. मऊ हाडावर वजन पडलं की ते आणखी मोडतं, त्याने सूज आणखी वाढते. हे चक्र काही आठवडे असंच चाललं तर पायाची कमान खचते आणि तळवा होडीच्या बुडासारखा मधोमध बाहेर येतो. मग त्या फुगवट्यावर घट्टा धरतो, घट्ट्याखाली जखम होते, जखमेतून जंतू हाडापर्यंत पोचतात. पाय कापावा लागतो तो बहुतेक वेळा या शेवटच्या टप्प्यामुळे.

हे चक्र तोडण्याचा खात्रीचा उपाय एकच आहे: पायावरचं वजन काढणं. त्याची जागा घेईल अशी गोळी नाही. दुखत नाही म्हणून चालायला हरकत नाही, हा हिशोब इथे पूर्ण उलटा करायचा असतो.

आधी बधिरपणा तपासा

आपला पाय बधिर आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. मुंग्या येतात, रात्री आग होते, एवढंच माहीत असतं. घरी करता येण्यासारखी एक सोपी तपासणी आहे. माणसाला डोळे मिटून झोपवा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या तर्जनीने अगदी हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका, गुदगुल्या करू नका. स्पर्श कळला की त्याने ‘हो’ म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पाय बधिर आहे असं धरून चाला आणि डॉक्टरांना सांगा. घरात साखरेची औषधं घेणारे जितके असतील तितक्यांची ही तपासणी रविवारी सकाळी उरकून घ्या, दहा मिनिटांचंही काम नाही.

दवाखान्यात काय बोलायचं

सुजलेला लाल पाय पाहिला की डॉक्टरांच्या मनात आधी जंतुसंसर्ग येतो, नाहीतर गाऊट (युरिक ॲसिडमुळे सांधा सुजणं), मुरगळणं किंवा शिरेत रक्ताची गुठळी. यांपैकी काहीही असू शकतं, म्हणून तपासणी टाळायची नाही. पण शार्को मनात आलाच नाही तर तो निसटतो. ह्यांना एका खाजगी दवाखान्यात आधी युरिक ॲसिडच्या गोळ्या मिळाल्या आणि ‘थोडं चालत राहा’ हा सल्लाही. म्हणून स्वतःच स्पष्ट सांगा: ‘इतकी वर्षं डायबेटिस आहे, पाय बधिर आहे, जखम नाही, ताप नाही, हा पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो. शार्को तर नाही ना, बघाल का?’ डॉक्टर रागावत नाहीत. रागावले तर दुसरे गाठा.

आडवं पडून पाय दोन उशांवर पाच-दहा मिनिटं वर ठेवला आणि लाली बरीच ओसरली, तर शार्कोचा संशय वाढतो. लाली तशीच राहिली तर जंतुसंसर्गाचा. ही नुसती खूण आहे, निदान नव्हे, पण डॉक्टरांना सांगण्याजोगी नक्की. दुसरी गोष्ट एक्सरेची. सुरुवातीच्या दिवसांत एक्सरे अगदी स्वच्छ येऊ शकतो. ‘एक्सरे नॉर्मल आहे’ हे ऐकून घरी येऊन कामाला लागू नका. पाय गरम असेल तर एमआरआय करायचा का, ते विचारा. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा म्हापसा-मडगावच्या जिल्हा इस्पितळांत जाणार असाल तर हाडांच्या विभागात दाखवा आणि साखरेची फाईल सोबत न्या. पायाच्या नाडीचे ठोके तपासले का, हेही विचारा. रक्तपुरवठा नीट आहे ना हे बघितल्याशिवाय प्लास्टर घालत नाहीत.

या दिवसांत काय करायचं नाही, तेही सांगते. गरम पाण्याचा शेक नाही, कारण बधिर पाय भाजला तरी कळत नाही. खोबरेल तेलाचं मालिश नाही. हाड बसवून देणाऱ्याकडे तर मुळीच नाही. मऊ पडलेलं हाड ओढलं की काय होईल हे सांगायला नको.

प्लास्टर

सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे गुडघ्याखालपर्यंतचं, पायाला सगळीकडून चिकटून बसणारं आणि घरी काढता न येणारं प्लास्टर. त्याला टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणतात. आपल्या देशात कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांवरच्या जखमांसाठी ते वापरलं जात होतं. वेल्लोरला काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी ते 1960च्या दशकात अमेरिकेत नेलं आणि तिथून ते मधुमेहींच्या पायांसाठी जगभर पोचलं. मला याचं बरं वाटतं. परदेशी नावाच्या आजारावरचा उपाय निम्मा आपल्याकडचा आहे.

काढता येणारा बूट आपल्याला सोयीचा वाटतो, आणि नेमकी तीच त्याची अडचण. रात्री लघवीला उठताना, देवाला दिवा लावताना, ‘दोन पावलं तर आहेत’ म्हणत माणूस तो काढून ठेवतो. म्हणून डॉक्टर न काढता येणारं प्लास्टर म्हणाले तर घासाघीस करू नका. काही कारणाने काढता येणारा बूटच मिळाला, तर तो पलंगाला हात लागेल इतक्या जवळ ठेवा आणि तो घातल्याशिवाय पाय जमिनीला लावू नका.

पहिलं प्लास्टर थोड्याच दिवसांत सैल होतं, कारण सूज उतरते. सैल प्लास्टर आत घासतं आणि बधिर पायाला ते कळत नाही. म्हणून पहिली बदली काही दिवसांतच, नंतर दर एक-दोन आठवड्यांनी. हे किती काळ चालणार? साधारण तीन ते सहा महिने, काहींना वर्षभरही. तारीख आधी कुणी सांगू शकत नाही. दोन्ही पायांच्या तापमानातला फरक आणि एक्सरे यांवर ते ठरतं. मनाची तयारी तेवढ्या मुदतीची ठेवा, सुट्टीचा अर्जही तेवढाच मोठा करा.

घर बदलून घ्या

हा भाग लांबतो आहे, पण रोजचं जगणं इथेच आहे.

दोन दिवस वही घेऊन बसा आणि माणूस कशाकशासाठी उठतो ते लिहा. पाणी, मोबाइलचा चार्जर, औषधं, चष्मा, टीव्हीचा रिमोट, दारावर येणारा पदेर (पाववाला). यांतलं जे आणून देता येईल ते पलंगाजवळच्या एका टेबलावर ठेवा. आमच्याकडे तिथे ग्लुकोमीटर, पाण्याची बाटली, घंटी आणि एक काठी असते. काठी चालायला नाही. पंख्याचं बटण दाबायला.

एका पायावर उड्या मारत जायचं नाही. दुसरा पायही बधिरच असतो, सगळा भार त्याच्यावर आला तर तोही मोडायला लागतो. कुबड्या तरण्या माणसाला झेपतात. पाय बधिर असलेल्या साठीच्या माणसाचा तोल त्यांवर जातो. चार पायांचा वॉकर बरा, लांबच्या अंतराला चाकांची खुर्ची. जुन्या घरांना ओसरीच्या पायऱ्या आणि दारांचे उंच उंबरठे असतात, तिथे फळीचा उतार करून घ्या. सुतार अर्ध्या दिवसात करून देतो. पायपुसणी, घसरणाऱ्या चटया, दारातली गोणपाटं उचलून ठेवा.

रात्रीसाठी कमोड खुर्ची आणा. लाजू नका. न्हाणीत जाताना ओल्या फरशीवर घसरणं हा यातला सर्वांत मोठा धोका आहे, आणि रात्री झोपेत माणूस प्लास्टर आहे हेच विसरतो.

आंघोळ अशी: न्हाणीत प्लास्टिकची खुर्ची, दारात दुसरं स्टूल. प्लास्टरवर गुडघ्याच्या वरपर्यंत जाईल अशी जाड प्लास्टिकची पिशवी, वर कापडी पट्टी, घट्ट रबरबँड नाही. प्लास्टरचा पाय दाराबाहेरच्या स्टुलावर, अंग आत. पाणी तांब्याने, शॉवर नको. फायबरचं प्लास्टर भिजून विरघळत नाही म्हणून लोक बेफिकीर राहतात; पण आतला कापूस ओला राहतो आणि कातडी पांढरी पडून सोलते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवाच इतकी दमट असते की भिजलेला कापूस वाळतच नाही. भिजलं तर वाट बघू नका, बदलून घ्या. खाज आली म्हणून आत पट्टी किंवा विणायची सुई घालू नका.

स्वयंपाक करणाऱ्या बाईलाच हे झालं असेल तर जास्त विचार करावा लागतो. विळीवर खाली बसून नारळ खवणं बंद, कारण उठताना सगळा भार चवड्यावर येतो. टेबलाला अडकवायची खवणी मिळते ती आणा, गॅससमोर उंच स्टूल ठेवा. आणि खरं सांगायचं तर काही महिने दुसऱ्या कुणीतरी हुमण (माशांची आमटी) केलं तर घर बुडत नाही.

प्लास्टरच्या तळामुळे तो पाय उंच होतो आणि दुसरी बाजू खाली राहते. आठवडाभरात कंबर धरते. उपाय स्वस्त आहे: दुसऱ्या पायाच्या चपलेला चांभाराकडून तेवढ्याच जाडीचा तळ चिकटवून घ्या. हे आम्हाला दवाखान्यात सांगितलं गेलं नव्हतं, म्हणून इथे ठळक लिहिते. उजव्या पायाला प्लास्टर असेल तर गाडी चालवायची नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते.

आणि भेटायला येणारे. ‘दुखत नाही ना? मग थोडं चाल, रक्त फिरतं,’ असं म्हणणारा एक तरी रोज येतो. त्याला चहा द्या, सल्ला घेऊ नका. चवथीच्या दिवसांत हे फारच जड जातं. आरतीला उभं राहायचं, वाड्यावर घरोघरी जायचं, यातलं काहीच नाही. गणपतीसमोर खुर्ची टाकून बसल्या बसल्या झांजा वाजवता येतात.

बसून राहिल्याने साखर चढते, म्हणून औषधाचा डोस पुन्हा बघायला सांगा. भात थोडा कमी करा, मासे, कडधान्यं, अंडी कमी करू नका. जखम असेल तर प्रथिनं लागतातच. मूत्रपिंडाचाही त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारून.

थर्मामीटर हेच मुख्य हत्यार

प्लास्टर असेपर्यंत दर बदलीच्या वेळी दोन्ही पायांचं तापमान दवाखान्यात घ्यायला सांगा आणि आकडा वहीत लिहून घ्या. प्लास्टर निघालं की हे काम तुमचं. कोविडच्या काळात घरोघरी आलेलं कपाळाला लावायचं थर्मामीटर चालतं, पण ते ‘बॉडी’वरून ‘सरफेस’वर बदलून घ्या. ‘बॉडी’वर ते आकडा अंगाच्या तापाच्या हिशोबाने दाखवतं, पायाच्या कातडीच्या नाही.

सकाळी आंघोळीआधी, पाय उघडे ठेवून दहा-पंधरा मिनिटं बसायचं. उन्हात नाही, पंख्याचा झोत पायांवर नाही. मग दोन्ही पायांवर त्याच सहा जागा: अंगठा, अंगठ्याखालचा उंचवटा, मधल्या बोटाखालचा, करंगळीखालचा, तळव्याचा मध्य आणि टाच. यंत्र दर वेळी सारख्याच अंतरावर. नुसत्या आकड्याला अर्थ नाही. डाव्या-उजव्यातला फरक बघायचा. एखाद्या जागी फरक 2.2 अंश सेल्सिअसपेक्षा जास्त आला तर त्या दिवशी चालणं कमी करा. दुसऱ्या दिवशीही तेवढाच राहिला तर डॉक्टरांना फोन. सूज किंवा लालीही दिसत असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. पायाला मोठी विकृती असेल किंवा एका पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर आकडे फसवू शकतात, म्हणून तुमच्या पायाला कुठला फरक नेहमीचा, हे एकदा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

प्लास्टर निघाल्यावर

लगेच बाजारात जायचं नाही. आधी काढता येणारा बूट, मग मापाची पादत्राणं, पहिल्या दिवशी तासभर, दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. काढल्यावर पाय बघायचा. लाल डाग अर्ध्या तासानेही गेला नाही तर तिथे दाब पडतो आहे. पादत्राण दुरुस्तीला परत द्या. तळ आतून एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) किंवा तशाच मऊ रबराचा, बाहेरून पुढे किंचित उचललेला, मागे टाचेला पट्टा, आत खोली पुरेशी. अंगठ्याची चप्पल कायमची बंद. आतला मऊ थर काही महिन्यांत दबून जातो, तो बघत राहून बदलायचा.

घालण्याआधी दर वेळी आत हात फिरवा आणि उलटं करून आपटा. कुळागरात (पोफळीच्या बागेत) जाणाऱ्यांनी तळही बघावा, काटा किंवा खिळा तळातून वर आलेला असतो आणि पायाला त्याची खबर नसते.

घरात अनवाणी नाही. आपल्याकडे अडचण देवघराची आणि देवळांची. घरासाठी एक वेगळी जोडी ठेवा, जी कधी उंबरठ्याबाहेर गेली नाही. आमच्या सासूबाईंनी ती देवघरातही मान्य केली. मंगेशीला किंवा कवळ्याला एप्रिल-मे महिन्यांत दुपारी प्रांगणातली फरशी तापलेली असते, बधिर तळवे तिथे उभ्या उभ्या भाजतात. पहाटे जा, जाड मोजे घाला, शक्य तर चाकांच्या खुर्चीतून दर्शन घ्या. शिरगावच्या लईराईच्या जत्रेत निखाऱ्यांवरून जाणारे धोंड (देवीचं व्रत करणारे भक्त) आमच्याही नात्यात आहेत. ज्याच्या पायाला संवेदना नाही त्याने होमकुंडापासून लांब उभं राहून हात जोडावेत, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे.

बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होऊ देऊ नका: धुतल्यावर कोरडं पुसा, बेचक्यांत तेल लावू नका, टाचांना लावा. कुरूप ब्लेडने कापू नका आणि औषधी पट्टीही लावू नका, त्यातलं आम्ल चांगली कातडीही जाळतं. पाय कायमचा वाकडा झाला असेल आणि उंचवट्यावर पुन्हा पुन्हा जखम होत असेल तर तो उंचवटा काढण्याची किंवा हाडं जोडण्याची शस्त्रक्रिया असते. तिचा विचार तज्ज्ञाबरोबर शांतपणे करायचा.

कागद आणि पैसे

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड शोधून ठेवा. 2016 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण ठरवलं होतं. ते ठरावीक उपचारांच्या पॅकेजवर मिळतं, म्हणून प्लास्टर, एमआरआय, शस्त्रक्रिया यांतलं काय बसतं ते इस्पितळातल्या योजनेच्या टेबलावर आधीच विचारा, बिल हातात आल्यावर नाही.

त्याच दिवशी निघायचं

ताप, थंडी वाजणं, कारण नसताना साखर अचानक चढणं. प्लास्टरमधून वास, ओल किंवा डाग. बोटं निळी, काळी किंवा थंडगार. प्लास्टर सैल होऊन पाय आत हलणं. पोटरी सुजणं. छातीत दुखणं किंवा दम लागणं. दुसरा पाय गरम होणं. पायाला जखम आणि तिच्या तळाशी काहीतरी कडक लागणं. यांतलं एकही असेल तर उद्याच्या ओपीडीची वाट बघू नका. ताप चढून माणूस मलूल झाला असेल किंवा दम लागत असेल तर 108 ला फोन करा, आणि ‘पायाला सूज आहे’ एवढंच न सांगता ‘डायबेटिस आहे, पायाला प्लास्टर आहे आणि आता हे सुरू झालं’ असं सगळं एका दमात सांगा. साखरेची वही आणि तापमानाची वही गाडीत चढतानाच पिशवीत टाका.